मृत ताऱ्याच्या ऊर्जेचा ताळेबंद : फर्मी, खोडद आणि आता हिंगोली

खास प्रतिनिधी

नरसी नामदेव (जि. हिंगोली) : संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानल्या जाणाऱ्या नरसीचा आणि औंढा नागनाथचा संबंध जुना आहे. नामदेवांची विसोबा खेचर यांच्याशी भेट औंढ्यास झाली, असे वारकरी परंपरा सांगते. त्याच औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात आता 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. तिच्या नियोजित कार्यांपैकी एका कार्याचा धागा थेट गॅमा किरणांच्या एका जुन्या कोड्याशी जाऊन भिडतो. आयुष्य संपलेला तारा स्वतःभोवती गिरक्या घेत गॅमा किरणांचे झोत फेकतो. ही ऊर्जा येते कोठून, ती बाहेर पडते कोठून आणि तिचा पूर्ण हिशेब लागतो काय, हे ते कोडे होय.

या हिशेबातील काही नोंदी अंतराळातील दुर्बिणींनी केल्या, काही पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महादुर्बिणीने केल्या. एक नोंद अद्याप कोरी आहे. ती भरण्याच्या कामात हिंगोली जिल्ह्याचा वाटा असणार आहे. म्हणूनच हा विषय येथील वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही.

आकाशातील दीपस्तंभ

हिवाळ्यात रोहिणी नक्षत्र डोक्यावर आले, की वृषभ राशीतील बैलाच्या शिंगाच्या टोकाजवळ लहान दुर्बिणीतून एक पुसट धुरकट ठिपका दिसतो. यालाच क्रॅब तेजोमेघ म्हणतात. इ. स. १०५४ मध्ये, म्हणजे नामदेवांच्या जन्माच्या २१६ वर्षे आधी, या जागी एका ताऱ्याचा स्फोट झालेला चिनी निरीक्षकांनी पाहिला. तो 'पाहुणा तारा' तेवीस दिवस भर दिवसाही दिसत होता, अशी नोंद आहे. अंतर सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे असल्याने प्रत्यक्ष स्फोट त्याच्याही कितीतरी आधी घडून गेला होता.

स्फोटात ताऱ्याचे बाहेरचे थर उधळले गेले आणि गाभा आत कोसळला. उरला तो न्यूट्रॉन तारा. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे दीडपट. पण व्यास अवघा वीस ते पंचवीस किलोमीटर, म्हणजे साधारणपणे हिंगोलीहून औंढा नागनाथला जाण्याएवढा. त्यातील साखरेच्या खड्याएवढ्या द्रव्याचे वजन कित्येक कोटी टन भरेल. गिरकी घेणारा नर्तक हात आवरून घेताच अधिक वेगाने फिरू लागतो, त्याच नियमाने आकसलेला गाभाही भन्नाट वेगाने फिरू लागतो. क्रॅबमधील तारा सेकंदाला सुमारे तीस गिरक्या घेतो.

अशा ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या काही लाख कोटी पट असते. त्याच्या भोवतालातून किरणांचे झोत निघतात आणि ताऱ्याबरोबर फिरतात. झोत पृथ्वीवरून गेला, की आपल्याला एक स्पंद मिळतो. समुद्रकाठच्या दीपस्तंभाचा दिवा अखंड जळत असतो. जहाजावरील माणसाला मात्र तो ठरावीक वेळाने लुकलुकताना दिसतो, तसाच हा प्रकार आहे. या ताऱ्यांना पल्सार अथवा स्पंदक तारे म्हणतात. १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये केंब्रिज येथे जॉसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीने पहिला पल्सार शोधला. त्याचे रेडिओ स्पंद दर १.३३ सेकंदाला येत होते. या संशोधनाबद्दल १९७४ मध्ये तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बेल यांना त्यात वाटा मिळाला नाही, याची चर्चा आजही होते.

खर्च मोठा, पावती लहान

पल्सारची गती हळूहळू मंदावते. क्रॅब पल्सारचा फेरा दररोज सेकंदाच्या सुमारे ३६ अब्जांशांनी लांबतो. ही वाढ ऐकण्यास क्षुल्लक वाटते. परंतु सूर्याहून जड असा गोळा सेकंदाला तीस वेळा फिरत असताना त्याला एवढे मंद करावयाचे, तर प्रचंड ऊर्जा खर्च व्हावी लागते. गणित केले असता हा खर्च सुमारे एक लाख सूर्यांच्या तेजाएवढा भरतो. ताऱ्याच्या पोटात आता इंधन जळत नाही. त्याची पुंजी एकच आणि ती म्हणजे फिरण्याची ऊर्जा.

मग ही पुंजी जाते कोठे? पल्सारचा शोध रेडिओ लहरींमुळे लागला, म्हणून त्या लहरींकडे प्रथम बोट जाते. वस्तुतः रेडिओ लहरींच्या खाती जाणारा वाटा इतका नगण्य असतो, की ताळेबंदात तो दाखवला नाही तरी बेरीज फारशी बदलत नाही. खर्चाचा मोठा भाग कणांच्या वाऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो आणि तोच क्रॅबसारखा तेजोमेघ उजळत ठेवतो. ताऱ्याच्या निकट भोवतालातून जे स्पंद निघतात, त्यांत सर्वांत मोठी रक्कम बहुधा गॅमा किरणांच्या खाती असते. क्रॅबच्या बाबतीत ती एकूण खर्चाच्या सुमारे एक हजारांश, वेला पल्सारच्या बाबतीत सुमारे एक शतांश, तर काही वृद्ध पल्सारच्या बाबतीत दहा टक्के अथवा त्याहूनही अधिक असते. पल्सारच्या यंत्रणेत काय चालले आहे हे जाणावयाचे, तर गॅमा किरण पाहणे अनिवार्य ठरते ते यामुळेच.

वातावरणाच्या वर

गॅमा किरण हा प्रकाशाचाच प्रकार आहे. फक्त त्याचा प्रत्येक कण कमालीचा शक्तिमान असतो. पल्सारकडून येणाऱ्या एका नेहमीच्या गॅमा कणाची ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या कणाच्या सुमारे पन्नास कोटी पट असते. हे किरण आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, कारण पृथ्वीचे वातावरण त्यांना वरच्या वर अडवते. सजीवांच्या दृष्टीने ही कृपाच आहे. खगोलशास्त्रज्ञांना मात्र त्यासाठी उपकरणे वर न्यावी लागली.

१९७० च्या सुमारास फुग्यांतून उंच सोडलेल्या उपकरणांनी क्रॅबचे गॅमा स्पंद हेरले. १९७२ मध्ये अमेरिकेचा 'सॅस-२' आणि १९७५ मध्ये युरोपचा 'कॉस-बी' हे उपग्रह गेले. त्यांना क्रॅबबरोबरच वेला पल्सार ठळकपणे दिसला. सुमारे हजार प्रकाशवर्षांवरील हा तारा सेकंदाला अकरा वेळा फिरतो आणि गॅमा आकाशातील सातत्याने तळपणाऱ्या स्रोतांत तो सर्वांत तेजस्वी आहे. फेब्रुवारी-मार्चच्या रात्री दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिल्यास अगस्तीच्या ताऱ्याच्या डाव्या हाताला त्याचा प्रदेश येतो. डोळ्यांना तेथे काहीच जाणवत नाही. डोळे गॅमा किरण पाहू शकले असते, तर तो प्रदेश चुकला नसता.

याच उपग्रहांनी मिथुन राशीत एक तिसरा तेजस्वी स्रोत दाखवला. तेथे ना रेडिओ पल्सार सापडला, ना दुसरे काही ओळखीचे. इटालियन शास्त्रज्ञांनी त्याला 'जेमिंगा' असे नाव दिले. मिलानच्या बोलीत त्या उच्चाराचा अर्थ 'ते तेथे नाहीच' असा होतो. हे कोडे दोन दशके टिकले. १९९२ मध्ये 'रोसॅट' उपग्रहाने टिपलेल्या क्ष-किरणांत ०.२३७ सेकंदांचा फेरा सापडला आणि तोच ठेका गॅमा किरणांतही मिळाला. जेमिंगा हा पल्सारच होता. त्याचा रेडिओ झोत आपल्या बाजूला येत नव्हता, गॅमा झोत मात्र येत होता.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघाला. रेडिओ आणि गॅमा किरण एकाच ताऱ्यातून येत असले, तरी ते एकाच जागेतून आणि एकाच दिशेने निघत नाहीत.

झोत नेमका निघतो कोठून?

सायकलच्या डायनॅमोत चुंबक फिरला, की वीज निर्माण होते. पल्सार हा त्याच तत्त्वावर चालणारा, परंतु कल्पनेपलीकडचा डायनॅमो आहे. फिरणाऱ्या चुंबकामुळे त्याच्या भोवती कोटी-कोटी व्होल्टहूनही अधिक दाब निर्माण होतो. त्या दाबाने इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावू लागतात. परंतु त्यांना मोकळे रान नसते. रुळावरून आगगाडी जावी, तसे ते चुंबकीय बलरेषांना धरूनच जातात. रेषा वळते तेथे त्यांनाही वळावे लागते आणि वळताना ते गॅमा किरणांच्या रूपाने ऊर्जा सांडतात.

हे वळण ताऱ्याच्या ध्रुवाजवळ असते, की ताऱ्यापासून दूर, याबद्दल शास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद होते. एका मतानुसार गॅमा किरण चुंबकीय ध्रुवाच्या लगतच, पृष्ठभागापासून थोड्याच उंचीवर निर्माण होतात. दुसऱ्या मतानुसार ते फार वर, चुंबकीय आवरणाच्या सीमेपाशी निर्माण होतात.

ही सीमा कोठे असते, हे समजण्यास सोपे आहे. ताऱ्याबरोबर त्याचे चुंबकीय आवरणही फिरते. केंद्रापासून जितके दूर जावे, तितका फिरण्याचा वेग वाढतो. बैलाच्या घाण्यात आतल्या पावलापेक्षा बाहेरच्या पावलाला अधिक वाट चालावी लागते, तसेच हे आहे. एका अंतरावर हा वेग प्रकाशाच्या वेगाएवढा होतो. त्यापलीकडे आवरण ताऱ्याबरोबर फिरूच शकत नाही. क्रॅबच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे १,६०० किलोमीटरवर येते.

निवाड्याची कसोटी शास्त्रज्ञांना ठाऊक होती. ध्रुवाजवळचे चुंबकीय क्षेत्र इतके तीव्र असते, की अतिशक्तिमान गॅमा किरण तेथे जन्मले तरी त्यांचे लगेच इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या जोडीत रूपांतर होते व ते नष्ट होतात. त्यामुळे झोत ध्रुवाजवळचा असेल, तर एका ऊर्जेच्या पुढे गॅमा किरण एकाएकी तुटलेले दिसावयास हवेत. २००८ मध्ये कॅनरी बेटांवरील 'मॅजिक' दुर्बिणीने क्रॅबचे स्पंद २५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर नोंदवले. २०११ मध्ये अमेरिकेतील 'व्हेरिटास'ने ते शंभर अब्जाच्या पुढे नेले. २०१६ मध्ये 'मॅजिक'नेच ते दीड हजार अब्जापर्यंत दाखवले. २०२३ मध्ये नामिबियातील 'हेस' दुर्बिणींनी वेला पल्सारकडून किमान वीस हजार अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या सुमारे दहा लाख कोटी पट ऊर्जेचे किरण टिपले.

हे किरण सुटून आले, याचाच अर्थ ते ताऱ्याच्या कुशीत जन्मलेले नव्हते. आज बहुतेक शास्त्रज्ञ गॅमा किरणांचे उगमस्थान आवरणाच्या सीमेपाशी अथवा तिच्या किंचित बाहेर मानतात. वीस हजार अब्जापर्यंत पोहोचण्याची नेमकी रीत कोणती, यावर मात्र अजून एकमत नाही.

म्हातारपणी आलेला वेग

या कथेतील एक धक्का १९८२ मध्ये बसला आणि त्यात महाराष्ट्राचे नाव गुंफलेले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी त्या वेळी अमेरिकेत संशोधन करीत होते. डोनाल्ड बॅकर यांच्या नेतृत्वाखालील ज्या गटाने सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा पहिला मिलिसेकंद पल्सार शोधला, त्यात ते होते. पुढे खगोलशास्त्रातील अनेक शोधांशी निगडित झालेल्या कुलकर्णी यांना २०२४ चा शॉ पुरस्कार मिळाला.

पल्सार वयानुसार मंदावतो, असा नियम असताना हा वेग आला कोठून? त्याचे उत्तर शेजारात सापडते. न्यूट्रॉन तारा दुसऱ्या ताऱ्याच्या जोडीने फिरत असेल, तर तो जोडीदाराचे द्रव्य ओढून घेतो. ते द्रव्य भोवऱ्यासारखे फिरत पृष्ठभागावर आदळते आणि थकलेल्या ताऱ्याला पुन्हा गती देते. कोट्यवधी वर्षे हे चालल्यानंतर तारा सेकंदाला शेकडो गिरक्या घेऊ लागतो. त्याचे चुंबकीय क्षेत्र तरुण पल्सारच्या तुलनेत हजारो पटींनी क्षीण झालेले असते. तरीही वेगाच्या बळावर तो गॅमा किरण फेकतो. हे तारे गॅमा आकाशात इतक्या संख्येने भेटतील, याची कल्पना फार थोड्यांना होती.

फर्मीला खोडदची साथ

११ जून २००८ रोजी 'फर्मी' ही अंतराळ दुर्बीण अवकाशात गेली. त्याच वर्षी तिने केवळ गॅमा किरणांच्या आधारे एक नवा पल्सार शोधून दाखवला. तिच्या उड्डाणापूर्वी गॅमा किरण देणारे पल्सार बोटांवर मोजण्याइतके होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या सूचीत खात्रीच्या अशा पल्सारची संख्या २९४ वर गेली. त्यांपैकी जवळजवळ निम्मे मिलिसेकंद पल्सार आहेत.

ही मजल फर्मीला एकटीला मारता आली नसती. तिच्या पहिल्या सूचीत १,४५१ गॅमा स्रोत होते. त्यांपैकी सहाशेहून अधिक स्रोत कशाचे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. अडचण कणांच्या टंचाईची होती. मंद स्रोताकडून फर्मीला दिवसभरात मोजकेच गॅमा कण मिळतात. २.१६ मिलिसेकंदांत एक गिरकी घेणारा तारा तेवढ्या वेळात सुमारे चार कोटी फेऱ्या पूर्ण करतो. कोट्यवधी ठोक्यांपैकी दोन-चार ठोके ऐकून ताल ओळखण्यासारखे हे काम आहे. तारा जोडीदाराभोवती फिरत असेल, तर तालही सतत मागे-पुढे होतो. गॅमा कणांतून आंधळेपणाने फेरा शोधणे मग जवळजवळ अशक्य होते.

येथे रेडिओ दुर्बिणी मदतीस आल्या. त्यांना ताल सलग ऐकू येतो. रेडिओवरून फेरा व कक्षा कळली, की वर्षानुवर्षे साठवलेले गॅमा कण त्या तालावर मांडता येतात आणि स्पंद उमटतो. त्यासाठी जगभरातील मोठ्या दुर्बिणींनी फर्मीच्या अनोळखी स्रोतांकडे मोर्चा वळवला. त्यात नारायणगावजवळील खोडदची 'जीएमआरटी' अर्थात महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीणही होती.

प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या परिश्रमांतून ही दुर्बीण साकारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. तारांच्या जाळीपासून बनविलेल्या या तबकड्या जुन्नरच्या द्राक्षबागांच्या पार्श्वभूमीवर दुरूनही नजरेत भरतात. फर्मीला स्रोताची जागा काटेकोरपणे सांगता येत नाही, ती फक्त आकाशाचा एक पट्टा दाखवते. कमी वारंवारतेवर जीएमआरटीची नजर रुंद असते, त्यामुळे तो सारा पट्टा एकाच वेळी कवेत येतो. अनेक अँटेना दूरदूर असल्याने त्याच निरीक्षणांतून पुढे ताऱ्याची नेमकी जागाही काढता येते.

या मोहिमेत भास्वती भट्टाचार्य, जयंत रॉय आणि सहकाऱ्यांनी अनेक मिलिसेकंद पल्सार शोधले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'जे १५४४+४९३७' हा त्यांपैकी एक. तो २.१६ मिलिसेकंदांत एक गिरकी घेतो आणि अवघ्या २.९ तासांत जोडीदाराबरोबरचा फेरा पूर्ण करतो. त्याचा जोडीदार आता जेमतेम ताराही उरलेला नाही. पल्सारचे वारे आणि किरण त्याला खरवडून संपवीत आहेत. ज्याच्या द्रव्यावर पोसला, त्यालाच गिळणाऱ्या अशा पल्सारला शास्त्रज्ञ 'काळी विधवा' या कोळिणीचे नाव देतात. खरवडलेला वायू मध्ये आला, की रेडिओ स्पंद काही काळ झाकले जातात. खोडदच्या निरीक्षणांनी फेरा ठरल्यानंतर फर्मीच्या साठ्यातून त्याचे गॅमा स्पंदही बाहेर काढण्यात आले.

दुसरे उदाहरण 'जे १२२७-४८५३' या ताऱ्याचे. ही जोडी आधी द्रव्य ओढणारी, क्ष-किरण देणारी म्हणून परिचित होती. २०१२ च्या अखेरीस तिचे वर्तन बदलले, द्रव्याचा ओघ थांबला. त्यानंतर जीएमआरटीने तेथून १.६९ मिलिसेकंदांचे रेडिओ स्पंद शोधले आणि २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. द्रव्य खाणारा तारा पल्सार कसा होतो, हे पुस्तकातील अनुमान येथे जवळजवळ डोळ्यांदेखत घडले. असे पलटणारे तारे जगात मोजकेच ज्ञात आहेत.

हे वेगवान पल्सार उत्तम घड्याळेही ठरतात. २०२२ मध्ये फर्मीच्या गटाने ३५ मिलिसेकंद पल्सारच्या साडेबारा वर्षांच्या गॅमा नोंदी वापरून अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचा शोध घेतला. २०२३ मध्ये जीएमआरटीची निरीक्षणे वापरणाऱ्या भारतीय गटाने युरोपीय सहकाऱ्यांसह अशा लहरींच्या खुणा मिळाल्याचे जाहीर केले. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधील गटांनीही त्याच सुमारास आपापले पुरावे मांडले.

भारतातूनही गॅमा किरण

अत्यंत शक्तिमान गॅमा किरण वातावरणात शिरताना कणांचा वर्षाव होतो आणि निळसर प्रकाशाची क्षणिक चमक उमटते. ती जमिनीवरील आरशांनी टिपता येते. टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या पद्धतीने प्रथम उटी येथे आणि नंतर मध्य प्रदेशातील पचमढी येथे अनेक वर्षे काम केले. भाभा अणुसंशोधन केंद्राने अबूच्या पहाडावर दुर्बीण उभारली. आता लडाखमधील हानले येथे सुमारे ४,३०० मीटर उंचीवर एकवीस मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण उभी असून ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले. कमी हवा आणि अंधारे आकाश या दोहोंचा तिला लाभ होतो. क्रॅब हे अशा सर्वच दुर्बिणींचे पहिले परीक्षास्थान असते.

कोरी नोंद

आता पुन्हा ताळेबंदाकडे वळणे आवश्यक आहे. पल्सारच्या खर्चात कणांचा वारा आहे, गॅमा किरण आहेत, क्ष-किरण आहेत, रेडिओ लहरी आहेत. आणखी एक खाते असू शकते आणि ते म्हणजे गुरुत्वीय लहरींचे. न्यूट्रॉन तारा अगदी गुळगुळीत गोल असेल, तर तो फिरताना अशा लहरी देणार नाही. त्याच्या कवचावर कोठे उंचवटा असेल, तर मात्र तो अवकाशात अखंड तरंग उठवत राहील. पाण्यात गुळगुळीत लाटणे फिरवले आणि वल्हे फिरवले, तर जो फरक पडेल तोच येथे पडतो.

लायगोने क्रॅबकडून अशा लहरी येतात काय, हे पाहिले आहे. २००८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार त्याच्या खर्चापैकी जास्तीत जास्त चार टक्के ऊर्जा या खात्यात जाऊ शकत होती. पुढील निरीक्षणांनी ही मर्यादा एक टक्क्याच्या शंभराव्या भागाखाली आणली. क्रॅबवरील उंचवटा असलाच, तर तो काही सेंटिमीटरच्या पलीकडचा नाही. काही मिलिसेकंद पल्सारच्या बाबतीत तर तो माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असल्याचे दिसून आले. लहर मात्र अजून सापडलेली नाही. ती सापडल्यास न्यूट्रॉन ताऱ्याचे अंतरंग कशाचे बनले आहे, याचा थेट पुरावा हाती येईल. कोणत्याही प्रयोगशाळेत असे द्रव्य बनविता येत नाही.

गॅमा किरण आणि गुरुत्वीय लहरी एकमेकींना पूरक कशा ठरतात, हे १७ ऑगस्ट २०१७ रोजी सिद्ध झाले. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या लहरी लायगो आणि इटलीतील 'व्हर्गो'च्या नोंदींत मिळाल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मीने गॅमा किरणांचा झटका नोंदवला. सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांच्या प्रवासानंतर या दोहोंत दोन सेकंदांचेही अंतर पडले नाही. त्या घटनेची मागाहून उमटलेली रेडिओ दीप्ती खोडदनेही पाहिली.

शांततेची मागणी

भारतातील लायगो प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. पुण्याचे 'आयुका' तसेच इंदूर, गांधीनगर व मुंबई येथील संस्था तो राबवीत आहेत. वेधशाळेला काटकोनात प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील. त्यांतील निर्वात नळ्यांमधून लेसर किरण ये-जा करतील. भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला, तरी तो मोजता यावा, अशी अपेक्षा आहे. येथे गॅमा किरण तयार होणार नाहीत आणि बाहेरही पडणार नाहीत. हे यंत्र केवळ ऐकते, काही प्रक्षेपित करीत नाही. मंजुरीच्या वेळी २०३० चे उद्दिष्ट सांगण्यात आले होते. अमेरिकेतील दोन वेधशाळांपासून इतक्या दूर आणखी एक यंत्र आले, की लहरीची दिशा कितीतरी अचूक सांगता येईल आणि गॅमा व रेडिओ दुर्बिणींना कोठे पाहावे, हे लवकर कळेल.

परंतु अशा यंत्राची एक अट असते आणि ती निधीने पुरी होत नाही. त्याला शांतता लागते. जमिनीची सूक्ष्म थरथर, अवजड वाहने, आगगाडी, खडी फोडणारी यंत्रे, सुरुंग यांचा त्याला उपद्रव होतो. अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन वेधशाळेला जवळून जाणाऱ्या रेल्वेचा आणि वृक्षतोडीचाही त्रास सोसावा लागला आहे. मोठ्या उद्योगांची आणि रहदारीची वर्दळ नसणे, जमीन स्थिर असणे या गोष्टी हिंगोली जिल्ह्याच्या बाजूने गेल्या. ज्याला एरवी मागासलेपण म्हटले जाते, तेच येथे भांडवल ठरले.

खोडदचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथे मागणी रेडिओ शांततेची आहे. भ्रमणध्वनीचे मनोरे, विद्युत उपकरणे यांचा गोंगाट दुर्बिणीला बाधतो. पुणे-नाशिक द्रुतगती रेल्वेमार्गाच्या मूळ आखणीलाही जीएमआरटीच्या निरीक्षणांत अडथळा येईल, या कारणावरून आक्षेप घेतला गेला. वर्षानुवर्षे रेल्वेची वाट पाहणाऱ्या परिसराला तो सहज पटणारा नव्हता. विज्ञानाची गरज खरी होती आणि लोकांची गरजही खरी होती.

हिंगोलीत हा प्रश्न उद्या येईल. वेधशाळेभोवती कोणते रस्ते व्हावेत, खाणींना किती अंतरावर परवानगी असावी, रोजगाराच्या कोणत्या वाटा बंद होतील आणि कोणत्या उघडतील, याची चर्चा यंत्र सुरू होण्यापूर्वी झालेली बरी. त्या चर्चेत ग्रामपंचायतींचा आवाज असला पाहिजे आणि शांतता कशासाठी मागितली जात आहे, हेही त्यांना नीट समजले पाहिजे. वेधशाळेच्या परिसरातील शाळांतून भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा नीट चालते काय, येथील मुले तंत्रज्ञ व अभियंते म्हणून त्या दारातून आत जाऊ शकतील काय, या प्रश्नांची उत्तरेही त्यातच दडलेली आहेत.

क्रॅबचा तारा दररोज सेकंदाच्या ३६ अब्जांशांनी मंदावत आहे. त्या खर्चाच्या गॅमा खात्याची नोंद अंतराळातून झाली, फर्मीच्या कित्येक अनोळखी स्रोतांचा ताल खोडदच्या रानातून हाती आला. उरलेल्या खात्यासाठी जे यंत्र लागते, ते दुधाळ्याच्या माळावर येत आहे. ते काय ऐकू शकेल, हे जितके लेसर आणि आरशांवर अवलंबून राहील, तितकेच भोवतालच्या गावांनी जपलेल्या शांततेवरही अवलंबून राहील.